यष्टीचा विषय

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक टेबल लागतं. बीएस्सीला आलेल्या पोरांनी कुठला विषय मेजर घ्यावा, हे समजावून सांगायला त्या टेबलाशी केमिस्ट्रीकडून मी आणि फिजिक्सकडून कदमसर बसतो. समजावतो आम्ही, पण शेवटी शहाणे होऊन उठतोही आम्हीच. आणि किस्से म्हणाल, तर व्हरांड्यात छत्र्या साठतात तसे साठतात. कुठला कुणाचा, ते नंतर आठवतही नाही. पण यंदाचा विसरणार नाही. तिथवर येतेच, आधी बाकीचे ऐका.

०

तुंगार्लीचा एक मुलगा. वडिलांचे दोन बंगले भाड्यानं जातात. आल्या आल्या विचारतो, "सर, शनिवारी प्रॅक्टिकल नसलेला विषय कुठला?" शनिवारी म्हणे बंगल्यावर पार्ट्या येतात, किल्ल्या त्याच्याकडे असतात.

कदमसरांनी चष्मा काढून पुसला. "आहे ना. समोरच्या बिल्डिंगमध्ये. इतिहास."

गेला की हो तो! खरंच गेला. आता छान शिकतोय, आणि भेटला की सरांच्या पाया पडतो. सर घाईघाईनं चष्मा पुसायला लागतात.

०

वलवणची एक आई मुलाला घेऊन आली. केमिस्ट्रीच द्या म्हणाली, बहिणीचा मुलगा तळेगावच्या कंपनीत लागलाय. मी मुलाला विचारलं, तुला काय आवडतं? उत्तर आईनं दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा आईच. माझं डोकं तापलं. म्हटलं, "ताई, मग तुम्हाला काय आवडायचं ते तरी सांगा."

बाईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली. मग हळूच म्हणाल्या, "झुऑलॉजी. वर्गात बेडकाचं हृदय सगळ्यांत आधी मी काढून दाखवायचे. बारावीनंतर लग्न झालं."

मुलगा आईकडे बघतच राहिला. हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यानं केमिस्ट्री घेतली, पण जाताना आईची पिशवी त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतली.

०

आता आमच्या बॉटनीबद्दल. शिंदेबाई बॉटनीच्या प्रमुख. मूळच्या जुन्नरकडच्या, बोलणं मोजकं. त्यांच्या वर्गात पवन मावळातल्या, म्हणजे खिंडीपलीकडच्या धरणाकाठच्या गावांतल्या पोरांची कायम गर्दी. एका स्नेहसंमेलनात आमचे प्राचार्य अगदी भारावून बोलले, की मावळच्या मातीतच वनस्पतींची ओढ आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई पहिल्या रांगेत खाली मान घालून बसल्या होत्या.

खरी गोष्ट अशी, की धरणाकडं जाणारी शेवटची यष्टी पावणेपाचची. फिजिक्स-केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं साडेपाचला सुटतात, बॉटनीची चारला. म्हणून खिंडीपलीकडचं प्रत्येक पोर बॉटनीला. पोरं आपसात बॉटनीला म्हणतातच मुळी 'यष्टीचा विषय'.

एका वर्षी डेपोनं ती गाडी सहाची केली. बॉटनी ओस! प्राचार्य हादरले. बाईंना बोलावून विचारलं, ओढ कुठं गेली?

"ओढ तशीच आहे सर," बाई म्हणाल्या. "यष्टी सहाची झाली."

पुढच्या वर्षी गाडी परत पावणेपाचची झाली आणि मातीतली ओढही परत आली.

०

आणि यंदा आली अस्मिता. तिकोणा पेठेची, वडिलांबरोबर. गायकवाडभाऊ धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर माळी आहेत. त्यांनी हात जोडून जय भीम केला आणि पोरीला पुढं केलं.

पोरगी तरतरीत, तिला फिजिक्सच हवं. कदमसरांनी विचारलं, फिजिक्सच का? म्हणाली, धरणाची भिंत खाली जाड आणि वर बारीक का असते, हे आठवीत कळलं, तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाही. सर खूश. पेन उघडलं, आणि भाऊंनी विचारलं, सुटतं किती वाजता?

साडेपाच ऐकलं आणि भाऊंचा चेहरा उतरला. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "पोरगी हुशार हाय, मला कळतंय मॅडम. पण यष्टी गेल्यावर ती खिंडीतनं यायची कशी? रोज कुणाच्या गाडीवर बसवू? न्हाई जमायचं. बॉटनी लिवा."

हॉस्टेल आमच्याकडे नाही. अस्मिता नुसती नखं बघत राहिली. मला राग आला होता, पण काढायचा कुणावर? भाऊंचं काय चुकलं? मी बॉटनीचा कागद पुढं ओढला.

शिंदेबाई मागं उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. त्यांनी कागदावर हात ठेवला.

"कदम, तुमची प्रॅक्टिकलं माझ्या वेळेत घ्या. मी तुमच्या वेळेत घेते."

सर गडबडले. "बाई, तुमच्याकडं मग उरेल कोण?"

"ज्याला झाडं आवडतात तो."

प्राचार्यांशी मी बोलते, म्हणाल्या. भाऊंना नीट उमगेना. मी पुन्हा सांगितलं, फिजिक्स आता चारला सुटणार, यष्टी मिळणार. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली आणि मग पोरीकडं वळले. "लिव मग. तुला पायजे ते लिव."

अस्मितानं लिहिलं. पेन परत देताना तिनं बाईंना विचारलं, "बाई, तुम्हाला पहिल्यापासून बॉटनीच आवडायची का?"

बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"आमच्या गावची शेवटची यष्टी साडेचारची होती," त्या म्हणाल्या, आणि प्राचार्यांच्या केबिनकडं निघाल्या.