फळ्यावरचं ओळखीचं अक्षर

कॉलेजच्या दारातल्या फळ्यावर रोज सुविचार लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. तो कुणी थांबून वाचत नाही. काल मात्र तिथं गर्दी होती. माझा सुविचार पुसून कुणीतरी लिहिलं होतं, ‘पाण्यासाठी घोषणा दिल्या म्हणून चौघींना हॉस्टेलबाहेर का काढलं?’

“सर, आजचा सुविचार भारी हां!” एक मुलगा म्हणाला.

मी अक्षर बघत होतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा लांब शेपटीचा तो ‘र’ मी दोन वर्षं पेपरांत तपासतोय. तिनं तो जरासुद्धा बदलला नव्हता. मला नवल वाटलं ते याचं. मी स्टाफरूममध्ये स्वतःचं मतही ‘लोक असं म्हणतात’ म्हणून सांगतो. त्या चौघींना काढताना समितीत मान डोलावणाऱ्यांत मीही होतो. असं उघड विचारताना माणसाला आतून कसं वाटत असेल?

प्राचार्यांनी बोलावलं. “कुणाचं अक्षर, सर? तिचंही सामान आजच बांधायला लावतो.”

“माहीत नाही” म्हटलं असतं, तर विषय संपला असता.

“ओळखलंय,” मी म्हणालो, “पण नाव सांगणार नाही.”

ते बघतच राहिले. खरं सांगायचं तर मीही.