प्रवरेचा शेवटचा टप्पा

वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येणारे असले गूढ अनुभव आम्ही दोघं रविवारी चहाबरोबर मोठ्याने वाचायचो आणि हसायचो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते, माझा नवरा अविनाश शाळेत भूगोल शिकवायचा. ज्याला संदर्भ देता येत नाही, ते आमच्या घरात कोणी मानत नसे. आज मीच लिहिते आहे… आणि माझ्याकडे संदर्भ नाही.

सुट्टीच्या दिवशी नगरहून एसटीने निघायचं आणि प्रवरेच्या काठाने चालायचं, हा आमचा अकरा वर्षांचा नाद. रतनगडाच्या पायथ्यापासून सुरुवात केली. जिथे थांबू, तिथूनच पुढच्या वेळी निघायचं. भाताची खाचरं मागे पडली, उसाचे फड आले, वाळू उपसलेले खड्डे आले. नियम एकच — एकाशिवाय दुसऱ्याने चालायचं नाही. नेवासा ते प्रवरासंगम एवढाच टप्पा उरला होता. तिथे ती गोदावरीला मिळते.

जानेवारीत अविनाश गेला. झोपेतच.

त्याची टप्प्यांची वही मी मार्चमध्ये उघडली. शेवटची नोंद त्याच्याच अक्षरात : ‘नेवासा ते संगम. दोघे. पूर्ण.’ तारीख ऑक्टोबरमधली. त्या आठवड्यात मी पुण्याला होते, बहिणीच्या ऑपरेशनसाठी.

दोघे. मला रडू आलं नाही, संताप आला. गेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही, यासारखा अपमान नाही.

दुसरी कोण, ते शोधायला मी संगमावर गेले. आठच दिवसांपूर्वी न्हाणीघरात घसरून मनगट मोडलं होतं. हात प्लास्टरमध्ये, पट्ट्याने गळ्यात अडकवलेला. भर दुपार. घाटावर अस्थी घेऊन आलेली दोन कुटुंबं, आणि होडीतलं पाणी डब्याने उपसणारा एक पन्नाशीचा नावाडी.

त्याने मान वर केली. “ताई, हात अजून बरा न्हाई व्हय?”

“कुठला हात?”

“ह्योच की. मागल्या टायमाला बी गळ्यात पट्टा हुता.”

“मागच्या वेळी म्हणजे कधी?”

“दिवाळीच्या आदी. सर हुते संगं. नेवाशापासून चालत आल्ता तुमी. सर मला म्हनले, आमच्या मंडळींना मधी बसवा, न्हाईतर होडी कशी चालवायची ते तुमालाच शिकवतील.” तो स्वतःच हसला.

हे अविनाशच म्हणू शकतो. चाळीस वर्षं हेच म्हणत आला होता.

मी म्हटलं, “ती मी नव्हे. दुसरी कोणी असेल.”

“आवो, मला चेहरा कळत न्हाई का? हितं येनारं मानूस रडतच येतं. तुमी हसत हुता. म्हनून ध्यानात ऱ्हायलं.” मग आजूबाजूला पाहून म्हणाला, “आज सर न्हाई आले?”

मी सांगितलं. त्याने डबा खाली ठेवला.

मी विचारलं, “होडीत आम्ही काय बोलत होतो?”

“तुमी इचारत हुता, आता पुढं कुटली नदी धरायची.”

“आणि सर?”

“सर गप बसले. पान्याकडं बघत.”

मी बहिणीला विचारलं. ऑक्टोबरचा तो सगळा आठवडा मी तिच्या खाटेशेजारी होते. ती शपथेवर सांगते. तेव्हा माझा हातही धड होता. नावाड्याचा काही गैरसमज झाला असेल म्हणावं, तर पट्टा? आणि ते अविनाशचं नेहमीचं वाक्य? डॉक्टरांना, नगरच्या एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारून झालं. 

दुसरी बाई निघाली असती, तर तिच्यावर रागावता आलं असतं. ही मीच आहे, असं नावाडी म्हणतो. मग तो दिवस माझ्याकडे का नाही? अविनाश घरी आला, तीन महिने माझ्यासमोर बसून जेवला आणि त्याबद्दल एका शब्दाने बोलला नाही. त्याला पुढचं माहीत होतं, असं मी म्हणत नाही. पण तो गप का बसला, हे होडीतल्या तिने तरी त्याला विचारायला हवं होतं. ती शेजारी बसली होती.