आयर्लंडहून आणलेली अहिराणी

आमच्या घरात दोन भाषा होत्या. आई अहिराणी बोलायची आणि वडील तिला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. वडील शाळामास्तर. पिंपळनेरच्या शाळेत त्यांची हयात गेली. आम्हा भावंडांच्या तोंडून ‘शे’ निघालं की ते ‘आहे’ म्हणायला लावत. पोरांना पुढं जायचंय, कोणी हसायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

त्या मराठीच्या जोरावरच मला धुळ्याच्या एका संस्थेत संवादाचं काम मिळालं. पिण्याचं पाणी, मुलींचं शिक्षण, ग्रामसभा अशा विषयांवर मी पत्रकं लिहायचे, भिंतींवर रंगवायचे मजकूर तयार करायचे. व्याकरण चोख असायचं. गावातल्या बाया पत्रक घ्यायच्या, घडी घालून कमरेला खोचायच्या आणि मग विचारायच्या, ‘ताई, येमा काय लिखेल शे?’ मी समजावून सांगायचे, तेही पुस्तकी मराठीतच.

तिशी ओलांडली तेव्हा एका परदेशी कार्यक्रमासाठी माझी निवड झाली. संवादाचं काम करणाऱ्यांना काही आठवडे एकमेकांच्या देशात पाठवायचं, तिथलं काम बघू द्यायचं, असा तो कार्यक्रम होता. मला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावी पाठवलं. काम तिथल्या स्थानिक रेडिओवर आणि मुक्काम एका निवृत्त नर्सबाईच्या घरी. बाई सत्तरीच्या, नवरा वारलेला, मुलं लांबच्या शहरांत. मला नावानंच हाक मार, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. आईपेक्षा मोठ्या बाईला नावानं हाक मारायला जीभ वळेना. शेवटी मी त्यांना ‘अक्का’ म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

सकाळच्या बातम्या संपल्या की तिथल्या रेडिओवर गावातली मयतं सांगत. कोण गेलं, कुठल्या वाडीचं, घरी भेटायला कधी यायचं, माती कधी. अक्का त्या वेळी हातातला पाव कापणंही थांबवायच्या. मयतांनंतर कुणाचा कुत्रा हरवला, कुठल्या हॉलमध्ये सभा आहे, हेही यायचं. आमच्याकडे रेडिओवर मोठी माणसंच मरतात, असं मी अक्कांना म्हटलं. त्या हसल्या नाहीत. मग शेजारीण गेली तर तुम्हाला कळतं कसं, असं त्यांनी विचारलं.

एका संध्याकाळी त्या मला अशाच सभेला घेऊन गेल्या. गावचं पोस्ट बंद होणार होतं. रेडिओचा माणूस माइक घेऊन लोकांमध्ये फिरत होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तो हातात घेतला, आपल्या गावरान बोलीत दोन-तीन वाक्यं बोलला आणि खाली बसला. कोटातले अधिकारी मान खाली घालून लिहून घेत होते. त्याचं बोलणं कोणी सुधारून घेतलं नाही. मला आमच्या ग्रामसभा आठवल्या. ठराव, तरतूद, अनुदान हे शब्द सुरू झाले की बाया पदर सावरून गप्प होतात.

तिथं पाऊस सारखा, दुपार सरायच्या आत अंधार. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीपेक्षा मला आईचं बोलणं जास्त आठवायचं. फोनवर ती दोन वाक्यं बोलून ‘बिल वाढी’ म्हणून ठेवून द्यायची. रेडिओवर एक निवेदक होता, तो रोज थोडा वेळ त्यांच्या जुन्या आयरिश भाषेत कार्यक्रम करायचा. त्यानं मला एकदा विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? मी मराठी म्हणाले. मग म्हणाले, आई दुसरी बोलते. तर तीच आमच्या श्रोत्यांना ऐकवा, असं त्यानं सांगितलं.

माइकसमोर बसले तेव्हा काही सुचेना. एवढ्या लोकांशी अहिराणीत काय बोलायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. मग डोळे मिटून आईशीच बोलले. ‘माय, मी बरी शे. आठे गंज पानी पडस. तू जेवनी का?’ एवढ्यावरच थांबले. निवेदकानं गाणं लावलं.

ती ध्वनिफीत मी भावाला पाठवली. आईनं ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकवली म्हणे. वडिलांनी ऐकली आणि ते चौकात निघून गेले.

निघायच्या दिवशी अक्का मला बसपर्यंत सोडायला आल्या. बस दिसल्यावर म्हणाल्या, ‘अक्का म्हणून आता मला कोण हाक मारणार?’ मी बॅग उचलून बसमध्ये चढले.

परत आल्यावर मी संस्थेत सांगितलं की मला अहिराणीतून बातम्या द्यायच्या आहेत. आमच्या सरांना ते पटलं नाही. निधी देणाऱ्यांना छापील काम दाखवावं लागतं, हे करायचं तर सुट्टीत करा, असं त्यांनी सांगितलं. मग मी सुट्टीच्या दिवशी पिंपळनेरला जाऊन आईच्या ओट्यावर बसून फोनमध्ये बातम्या रेकॉर्ड करायला लागले. नळाला पाणी कधी, ग्रामसभा कधी, कुणाची गाय हरवली, कोण गेलं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव जायचं आणि बाजाराच्या दिवशी एक मोटार दुरुस्तीवाला ते भोंग्यावर लावायचा. आई शेजारी बसून माझे चुकलेले शब्द सांगायची. मी बोलायला लागले की वडील चपला घालून बाहेर पडत. शिकलेली पोरगी विलायतेहून येऊन असं बोलते, लोक काय म्हणतील, हे त्यांनी आईला बोलून दाखवलं होतं.

मग त्यांच्या बरोबरीचे एक गुरुजी वारले. सगळे त्यांना नाना म्हणत. मी फोन हातात घेतला, तर वडील येऊन शेजारी बसले. ‘हे मी सांगतो,’ म्हणाले. फोन माझ्या हातातून घेऊन बोलले, ‘आपला नाना आज सकायले गयात. दुपारले बठ्ठा जन या.’

त्यांच्या तोंडून अहिराणी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. चष्मा पुसत ते म्हणाले, ‘मी आणि नाना शेतात गेलो की असंच बोलायचो. तुम्हाला कधी ऐकू दिलं नाही.’

त्या दुपारी नानांना निरोप द्यायला लांबलांबच्या खेड्यांतून त्यांचे जुने विद्यार्थी आले. तेव्हापासून मयतं वडीलच सांगतात.

पुढच्या वर्षी कॉलेज सुटायच्या वेळची एसटी बंद झाली आणि वरच्या गावांतल्या मुली मोठ्या रस्त्यापासून पायी जाऊ लागल्या. आम्ही ते आठवडेच्या आठवडे सांगत राहिलो. ग्रामसभेला बाया आल्या, अहिराणीत बोलल्या, ग्रामसेवकाला ठराव लिहावा लागला. गाडी पुन्हा सुरू झाली, पण कॉलेज असेल तेवढीच. सुट्टीत आजही नसते. त्याच ग्रामसभेनंतर वरच्या पाड्यावरची एक मुलगी मला म्हणाली, ‘ताई, ही बोली तुमची. आमची वेगळी.’ आता ती आणि तिची मैत्रीण त्यांच्या, म्हणजे कोकणा आदिवासींच्या, कोकणीत बातम्या देतात. मला त्यातलं निम्मंच कळतं.

अक्कांनी पुढं ते घर विकलं आणि आपल्या मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेल्या. फोन केला की मुलगीच उचलते. अक्कांना ऐकू कमी येतं, म्हणते. धुळ्यात आमची जेवणाची सुट्टी होते तेव्हा आयर्लंडमध्ये सकाळ असते. कधी कधी डबा उघडून मी इंटरनेटवर तो रेडिओ लावते. आता निवेदक दुसराच आहे. जे जातात त्यांतल्या कुणालाच मी ओळखत नाही, तरी शेवटपर्यंत ऐकते. ते घर, खिडकीबाहेरचा तो करडा समुद्र, आता कुणाच्या वाट्याला आला असेल, हे मनात येत राहतं.

तसा कार्यक्रम पुन्हा मिळत नाही, आणि स्वतःहून जायचं तर कुणाकडे जायचं? तरी यंदा पासपोर्टची मुदत संपली तेव्हा मी तो नवीन करून घेतला. पोलीस चौकशीला पिंपळनेरच्या घरी आला होता, त्यामुळे आईला कळलं.

‘कथा चालनी?’ कुठं निघालीस म्हणून तिनं विचारलं.

‘कथाच नही,’ मी म्हटलं, आणि तिच्या हातातली शेंगांची परात माझ्याकडे ओढून घेतली.