शेजारची सीट

चढ संपायच्या आतच क्लचची वायर तुटली. पेडल पायाखाली लुळं पडलं, गाडीने एक आचका दिला आणि ती गप्प झाली. मागच्या बसवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. लॉन्ड्रीवाल्या ताईने खाली उतरून गाडीला खांदा लावला, रस्त्यातल्या एका भल्या माणसाने मागून जोर दिला आणि व्हॅन कशीबशी कडेला आली. मागच्या चाकाखाली त्यानेच एक दगड सरकवला. शेजारून जाताना बसवाला खिडकीतून म्हणाला, "काय हो बाई, चादरी आहेतच आत. अंथरा आणि झोपा इथेच."

एरवी तिने त्याला चांगलं सुनावलं असतं. आज तिचं लक्ष डॅशबोर्डवरच्या गोळ्यांच्या पुडीकडे होतं.

गोळ्या सरांच्या. सर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. नवरा गेल्यावर तिने लॉन्ड्रीत इस्त्री धरली. पुढे मालकाला ड्रायव्हर मिळेना, तेव्हा "मी शिकते" असं म्हणून बसली आणि मग रात्रभर घाबरत राहिली. सरांनी तिला शिकवलं. शेजारच्या सीटवर बसून, गुडघ्यावर हात ठेवून, आवाज न चढवता. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, पण तो त्यांनी फारसा दाबला नाही. एकच गोष्ट मात्र ते रोज बजावायचे, "गाडी बंद पडली की गाडीपाशी थांबायचं. गाडी सोडून जाणारा ड्रायव्हर नव्हे."

आता सर एकटे राहत होते. गेल्या महिन्यात चक्कर येऊन न्हाणीघरात पडले, तेव्हापासून एकट्याने जिना उतरायला डॉक्टरांनी मनाई केली होती. ताई रोज सकाळी त्यांच्या इमारतीखाली गाडी उभी करून दोनदा हॉर्न द्यायची. पडदा सरकायचा, एक हात दिसायचा. मग ती हॉटेलांच्या चादरी पोचवायला निघायची. मोबाइल होता त्यांच्याकडे, पण तो कपाटात, बंद. घराची एक किल्ली द्या म्हणून तिने दोनदा मागितली होती. "इतका म्हातारा नाही झालो अजून," असं म्हणून त्यांनी विषय बदलला होता.

भाऊ तिला चिडवायचा, "तू त्यांची कोण लागतेस ते तरी सांग. लोक मला विचारतात."

"विद्यार्थिनी," ती म्हणायची.

"पास होऊन जमाना झाला की तुला."

मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, हातातलं काम झालं की निघतो. म्हणजे दुपार. सरांच्या गोळ्या काल रात्रीच संपल्या होत्या. हॉर्नची वेळ तर केव्हाच टळली होती. ती थोडा वेळ बॉनेटला टेकून उभी राहिली, नियमाप्रमाणे. मग तिला न्हाणीघराची ओली फरशी दिसायला लागली. तिने पुडी उचलली आणि बागेमागच्या पायऱ्यांनी, जवळच्या वाटेने, निघाली. दार लावलं की नाही हेसुद्धा तिच्या ध्यानात राहिलं नाही.

वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला होता. दाराला बाहेरून कुलूप.

कुलूप पाहून आधी बरं वाटलं, म्हणजे आत पडलेले नाहीत. मग आहेत कुठे? तिने उगाचच कुलूप ओढून पाहिलं, दारही वाजवलं. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू मशीन थांबवून बाहेर आल्या.

"गेले ते. मघाशीच. मी म्हटलं, कुठे निघालात असे? तर म्हणाले, पोरीची गाडी बंद पडली असणार."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत, काकू?"

"अगं, मी अडवून ऐकणारे आहेत का ते? जिना उतरवून दिला मी हात धरून. पुढे हात झटकला माझा."

ताई तिथेच पायरीवर बसणार होती, पण बसली नाही. सर जवळच्या वाटेने येणार नाहीत. ती गाडी आणते त्याच रस्त्याने जातील, मोठ्या चौकातून, कारण गाडी त्याच रस्त्यावर असणार आणि ती गाडीपाशी असणार. तेवढा विश्वास त्यांनीच तिला शिकवला होता, आणि तिने नेमका आजच तो मोडला होता.

चौकात गर्दी दिसली. माणसं वाकून खाली बघत होती. जवळ जावं असं वाटेना आणि लांब राहवेना. लोकांच्या खांद्यांमधून पाहिलं तर रस्त्यावर टोमॅटोंचा लाल चिखल, शेजारी उलटलेली हातगाडी आणि कपाळाला हात लावून बसलेला भाजीवाला. टोमॅटोच आहेत याची खात्री व्हायला तिला जरा वेळ लागला. मग ती पळत सुटली.

व्हॅनचं दार अर्धवट उघडं होतं. शेजारच्या सीटवर सर बसले होते, ताठ. चेहरा चादरीसारखा पांढरा, कपाळावर घाम. पाय पुढे ताणून गाडीच्या तळाच्या पत्र्यावर दाबून धरलेला, जिथे या गाडीला ब्रेक नव्हताच.

"हँडब्रेक ओढला नव्हतास," ते म्हणाले. "चढावर."

तिने आधी हँडब्रेक ओढला. मग पुडी सोडून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. गाडीतली पाण्याची बाटली उघडून तिनेच त्यांना पाणी पाजलं.

"कुठे गेली होतीस गाडी सोडून?"

"तुमच्याकडे."

मागच्या चादरींना इस्त्रीचा उबट वास येत होता. बऱ्याच वेळाने त्यांचा श्वास जागेवर आला, पण तिचा आला नव्हता. आज सापडले. उद्या?

त्यांनी खिशात चाचपून किल्ली काढली आणि गोळ्यांची पुडी होती तिथे, डॅशबोर्डवर ठेवली.

"तुझ्याकडे असू दे. माझ्याकडून हरवते."

तिने ती गाडीच्या किल्लीच्या कडीत घातली. मेकॅनिकला यायला अजून अवकाश होता. सरांनी पाय हळूच मागे घेतला, पण डोळे समोरच्या आरशावर ठेवले. मागून येणाऱ्या गाड्या तीही मोजल्यासारखी बघत राहिली.