तबकडीला लागलेली उचकी

ठकी पुन्हा ते बटण बघायला विसरली तर? सकाळी उठल्यापासून आईच्या डोक्यात हाच किडा वळवळत होता. ठकी म्हणजे तिची थोरली लेक. रेडिओ केंद्रात गाणी लावायची, दोन गाण्यांच्या मधे श्रोत्यांशी बोलायची. रविवार सकाळचा कार्यक्रम तिचाच. आणि नेमकं आजच दुपारपर्यंत ठकीच्या मामाला उत्तर द्यायचं होतं.

रेकॉर्डी होत्या तोवर आई निर्धास्त होती. ठकीच्या बोटांत जादूच होती. सुई पहिल्या सुरावर टेकवायची, तबकडी अर्धा फेरा मागे फिरवून बोटानं धरून ठेवायची, आणि वेळ झाली की बोट सोडायचं. गाणं किती उरलंय ते नुसतं सुईकडे बघून कळायचं. रेकॉर्डी काढून हातात द्यायला एक काका होते. मग सीडी आल्या. खरखर गेली, कपाटं रिकामी झाली, काकांचंही काम संपलं. आता सगळं एकटीनं.

"आई, ते यंत्र म्हणजे आतल्या गाठीचं माणूस," ठकी म्हणायची. "तबकडी गिळतं आणि तोंड मिटून बसतं. काय सांगेल ते आकड्यांत."

त्या आकड्यांनीच घात केला. बटण एकदा दाबलं की गाणं किती उरलं ते दिसतं, पुन्हा दाबलं की किती वाजून झालं ते. आधीच्या पाळीवाल्यानं बटण दाबून वाजून झालेला वेळ लावून ठेवलेला. ठकीनं आकडा पाहिला, अजून चार मिनिटं आहेत असं समजून पुढची सीडी आणायला शेजारच्या खोलीत गेली, आणि पाठोपाठ गाणं संपलं. घराघरांतले रेडिओ मुके झाले. इकडे आईनं आपल्या रेडिओला दोन थापट्या मारल्या, सेलसुद्धा बदलले.

साहेबांनी सुनावलं, "पुन्हा असं झालं तर जुन्या रेकॉर्डींच्या खोलीत बसा धूळ झटकत."

आईचा धाकटा भाऊ लगेच धावून आला. "ताई, माझ्या ऑफिसात जागा आहे. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. तिथं गप्प बसलं तर उलट बढती मिळते!"

"मामा, गप्प बसायचा पगार मला नको," ठकी म्हणाली. "चूक माझी, निस्तरणार मीच."

"मी समजावते तिला," आई भावाला हळूच म्हणाली. "रविवारी कळवते."

समजावायला ठकी घरात सापडेल तेव्हा ना! पाळी संपली तरी ती रिकाम्या स्टुडिओत बसून हातांना नवं वळण लावत होती. सीडी आत गेली की बटणावर बोट, आकड्यावर डोळा, आणि मोठ्यानं म्हणायचं, "उरलेला वेळ!" म्हटल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. शिवाय दुसऱ्या यंत्रात एक गाणं कायम तयार ठेवायचं. सोबतचे चिडवायचे, "काय गं, मंत्र टाकतेस?"

"अजून यंत्रावरच टाकतेय. तुमची पाळी यायचीय."

आईला हे सगळं ठाऊक होतं. तरी जीव टांगणीला.

रेडिओवर गाणं रंगात आलं होतं. आई भांडी विसळत होती. अचानक गायिका अडखळली. तोच अर्धा शब्द, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आईच्या हातातली वाटी सुटली. "गेलं! सगळं मुसळ केरात!"

तेवढ्यात ठकीचा आवाज आला, जराही न गडबडलेला. "आमच्या तबकडीला उचकी लागलीय. कुणीतरी फारच आठवण काढतंय वाटतं! तिला जरा दम खाऊ दे, तोवर हे ऐका." आणि लगोलग दुसरं गाणं सुरू झालं.

आई ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग एकटीच हसली. आठवण कोण काढत होतं ते तिला चांगलं माहीत होतं.

तिनं हात पुसले. फोनच्या पलीकडेही ऐकू जावा इतका रेडिओचा आवाज वाढवला आणि फोनपाशी गेली. मामा वाट बघत असणार. त्या पंख्याखाली आता त्यानं दुसऱ्या कुणाला तरी बसवावं, हे त्याला आईनंच सांगायला हवं होतं. तिनं रिसीव्हर उचलला.