इंजेक्शनचा राग

लॅबमध्ये शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं रक्त काढत होते. काकवीसारखं काळपट, दाट रक्त नळीत सावकाश चढत होतं. चेहरा पाहिला, तर आमच्या जिमचा ट्रेनर!

डॉक्टरांनी मला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तीन आठवड्यांतून एकदा सांगितलं होतं. "काका, दर आठवड्याला घ्या, काही होत नाही," म्हणणारा हाच. माझं रक्त घट्ट झालं, पाय सुजले. चहा गार झाला म्हणून मी कप भिरकावू लागलो. घरचे म्हणाले, हा इंजेक्शनचा राग. मीही सगळ्यांना तेच सांगत आलो.

आज तोच लालबुंद चेहऱ्याने विचारत होता, "काका, माझंही रक्त घट्ट झालंय म्हणतात. घाबरण्यासारखं नाही ना?"

इंजेक्शन थांबव, डॉक्टरांना गाठ, एवढंच सांगायचं होतं. मी त्याच्याच सुरात म्हणालो, "छे रे, काही होत नाही."

माझंही रक्त देऊन झालं, कोपराच्या खळगीत कापूस दाबून जिना उतरलो. काय गोड वाटत होतं! रक्त चढायला वेळ लागतो, सूड चटकन चढतो.

माझं इंजेक्शन बंद होऊन चार महिने झालेत.