उज्जैनची सलामी आणि यशवंत मास्तरांचा सॅक्सोफोन

ग्वाल्हेरहून उज्जैनला मोटारीनं जावं का, असं विचारणाऱ्यांनो, खुशाल जा. आता रस्ता असा झालाय की पोटातलं पाणी हलत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाण्याचं सोडा, आतडी हलली होती. मध्यभारत नुकताच मोडला होता, राजधानी भोपाळला गेली होती, आणि आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत, जो तो नव्या राज्यात आपली नोकरी टिकते की जाते या घोरात होता.

काकांना महाकालाचा नवस फेडायचा होता. मला नवसाशी काही देणंघेणं नव्हतं. मला यशवंत मास्तरांना ऐकायचं होतं. मास्तर संस्थानच्या बँडात सॅक्सोफोन वाजवायचे. रविवारी बागेत बँड वाजे आणि मी, काकूच्या भाषेत सोळा वर्षांची घोडी, कठड्याला चिकटून उभी असे. संस्थान विलीन झाल्यावरही तो बँड कसाबसा तग धरून होता. आता त्यातली मोजकी माणसं पोलीस बँडात घेणार, बाकीच्यांना नारळ देणार, असं ठरलं होतं. निवड उज्जैनलाच व्हायची होती, भर मैदानात, लोकांसमोर, आणि त्यासाठी भोपाळहून साहेब येणार होते. मास्तर आमच्याच गल्लीतले. पदरात तीन मुली, घरात अंथरुणाला खिळलेली आई. हे जमलं नाही तर त्या घराचं काही खरं नाही, असं काकू वाटेत दोनदा म्हणाली.

शिवपुरीपर्यंत जंगल, पुढे नुसती धूळ. काकांची मोटर प्रत्येक चढावर पाणी मागायची. मुक्काम गुन्याला डाक बंगल्यात झाला, जेवायला बरोबरच्या दशम्या आणि लसणाची चटणी. पेट्रोल काकांनी भरलं, म्हणून खर्चाचं मला विचारू नका. दुसऱ्या दिवशी ब्यावऱ्याला चहा, शाजापूरला पंक्चर आणि मक्सीहून उजवीकडे वळून उज्जैन. तिथे देवास गेटपाशी गरम पोहे मिळाले, वर शेव आणि बडीशेप. तेवढं मात्र आजही चुकवू नका.

सकाळी दर्शन झालं. दुपारी काकूनं भैरवगढला छापाच्या चादरी घेतल्या आणि संध्याकाळी आम्ही मैदानावर गेलो. पुढे खुर्च्यांवर जुनी मराठी मंडळी बसलेली, पगड्या, काळ्या टोप्या. ह्यांचे पणजोबा-खापरपणजोबा दरबारात चाकरीला होते आणि ते हे कुणाला विसरू देत नसत. बायका मागे सतरंजीवर. साहेब मधल्या कोचावर, चेहरा इस्त्रीचा.

आधी दोन-तीन कवायतीच्या चाली झाल्या. साहेब घड्याळ बघत होते. मग मास्तर एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी जे सुरू केलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. महूच्या छावणीत कुणाकडे तरी विलायतेहून रेकॉर्ड आली होती, तिच्यावरून त्यांनी ती चाल उतरवून घेतली होती. त्याला रॉक म्हणतात हे मला फार नंतर कळलं. ढोल धावत सुटला आणि त्याच्यावर सॅक्सोफोन असा ओरडायला लागला की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मागची कॉलेजची पोरं शिट्ट्या मारायला लागली. साहेबांचा बूट ताल धरत होता, मी स्वतः पाहिलं. काकू कानात म्हणाली, "झालं गं बाई, जमलं ह्याचं."

पण बँडाला वर्षानुवर्षांची सवय. कार्यक्रम संपला की महाराजांची सलामी वाजवायची. आता राष्ट्रगीतानं संपवायचं, हे त्यांना बजावलेलं होतं. पण त्या धुंदीत म्हाताऱ्या ढोलवाल्याचे हात आपोआप जुन्या ठेक्यावर गेले. ठेका पडला तसे सगळ्यांचे ओठ त्याच्यामागे गेले, मास्तरांचेसुद्धा. वाजवताहेत काय हे त्यांना कळेपर्यंत आमचे काका ताडकन उभे राहिले होते. त्यांच्या पाठोपाठ पुढच्या सगळ्या रांगा उठल्या, छातीवर हात, माना ताठ. बायकांनी सलामीला उठायचा रिवाज नव्हता. आम्ही बसून राहिलो.

कोचावर साहेब एकटेच बसलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "ये किसके राज की धुन है?" ते उठले आणि गाडीकडे चालू लागले. नंतर कळलं की त्या बँडातलं एकही माणूस घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामघाटावर मास्तर भेटले. स्नान करून ओल्या पंच्यानं पायरीवर बसले होते. मला वाटलं, काकांना चार शब्द सुनावतील. नाही. त्यांनी हात जोडले, मला "बरी आहेस ना बेटा" म्हणाले. मग काकांकडे बघून त्यांनी विचारलं, "काकासाहेब, सबसे पहले तुम्हीच उठलात. मी खाली मान घालून वाजवत होतो, नीट कळलं नाही. ती आधीची चीज आवडली म्हणून उठलात ना?"

काकांना नवल वाटलं. "छे हो," ते म्हणाले, "सलामीला माणूस बसून कसा राहील?"

मास्तर "बरोबर है" म्हणाले आणि पंचा पिळायला लागले. मला काकांचा इतका संताप आला की परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

घरी आल्यावर काका हा किस्सा वर्षानुवर्षं सांगत राहिले. राज्य गेलं तरी उज्जैनमध्ये सलामीला सगळं मैदान कसं उठलं, आणि पहिला मी. ऐकणारे मान डोलवायचे. मास्तरांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नसे. ते आमच्याच गल्लीत राहायचे. दिवसा घरी बसून असायचे आणि लग्नसराईत लाल कोट घालून वरातीत वाजवायचे. ती विलायती चाल मी त्यांच्याकडून परत कधी ऐकली नाही.

आता माझे गुडघे गेलेत. तरी कुठल्याही कार्यक्रमात चीज रंगली की मी खुर्चीचा हात धरून उभी राहते, सगळ्यांच्या आधी. सून पदर ओढते, "आई, बसा, लोक बघताहेत." मी बसत नाही. वाजवणारा मान वर करून बघेपर्यंत तर मुळीच नाही.